उकळणारा दगड आणि वायूंची चाळणी

नागपूर शहराच्या मध्यभागीं सीताबर्डीची टेकडी आहे. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची पलटण यांची येथें गांठ पडली, नागपूरच्या राज्याचें दैव फिरलें, आणि तेव्हांपासून या टेकडीचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत कायमचें जाऊन बसलें. परंतु ज्या काळ्या पाषाणाची ती टेकडी बनली आहे, त्याचा इतिहास मनुष्यजातीच्याहि पूर्वींचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त शिलारस वारंवार बाहेर पडला, त्याचे थरावर थर सांचले, आणि त्यांतून दख्खनचें विशाल पठार तयार झालें. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याचीं व वेरूळचीं लेणीं, रायगडासारखे दुर्ग, हें सारें याच पाषाणाचें. हा थर पूर्वेकडे पसरत येऊन नागपूरच्या आसपास संपतो. शहराच्या पश्चिमेस हा काळा दगड आहे. तर उत्तरेकडे कामठी, सिलेवाडा या बाजूस वाळूचा दगड असून त्याच्या पोटांत पंचवीस कोटी वर्षांहून जुना दगडी कोळसा आहे.

या दोन शेजाऱ्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत एका जातीचे स्फटिक सांपडतात. कोळसा जाळला कीं हवेंत एक वायु जातो. त्या स्फटिकांचे कुलबंधु तो वायु पकडूं शकतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानीं येण्यास दीडशें वर्षें लागलीं, आणि ती व्यवहारांत उतरविण्याचा उद्योग अद्याप चालूच आहे. त्या उद्योगाचा कांहीं भाग नागपुरांतच झालेला आहे.

नागपूरच्या भूगर्भाकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहणाऱ्या आरंभींच्या लोकांत स्टीफन हिस्लॉप यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. धर्मप्रचार व शिक्षण हें त्यांचें मुख्य कार्य. पण पायीं फिरतांना वाटेंतला प्रत्येक दगड उचलून पाहण्याची त्यांना संवय होती. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं नागपूरच्या परिसरांतील खडकांवर व जीवाश्मांवर जो निबंध लिहिला, तो लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला. हिरवट छटेच्या एका कॅल्साइटला शास्त्रज्ञांनीं ‘हिस्लोपाइट’ असें नांव देऊन त्यांची आठवण ठेविली. या हिरव्या दगडाचा उल्लेख पुढें पुन्हां येईल.

शिलारस थंड होतांना त्यांत अडकलेल्या वायूंचे बुडबुडे तसेच गोठून राहिले आणि दगडांत लहानमोठ्या पोकळ्या झाल्या. पुढें हजारों वर्षें त्यांतून ऊन पाणी झिरपत राहिलें. त्या पाण्यांत विरघळलेलीं द्रव्यें पोकळ्यांच्या भिंतींवर हळूहळू बसत गेलीं, आणि पांढऱ्या, गुलाबी, मोतिया रंगाच्या स्फटिकांचे गुच्छ तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बोरघाटांतून लोहमार्ग नेण्यासाठीं डोंगर फोडावे लागले, त्या वेळीं असे स्फटिक विपुल हातीं आले. पुणें, नाशिक, जळगांव, अहमदनगर या भागांतील खाणींत व विहिरींत ते आजहि मिळतात, आणि जगांतील नामांकित संग्रहालयांच्या कपाटांत ‘महाराष्ट्र, भारत’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेले दिसतात. सिन्नर येथें तर या स्फटिकांचें स्वतंत्र संग्रहालयच उभें आहे. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट हीं त्यांचीं नांवें. आणि या सर्व घराण्याचें आडनांव झिओलाइट.

हें आडनांव एका स्वीडिश गृहस्थानें दिलें. अ‍ॅक्सेल क्रॉन्स्टेट हा खनिजशास्त्रज्ञ १७५६ सालीं निरनिराळे दगड फुंकणीच्या ज्योतींत धरून त्यांची परीक्षा करीत होता. त्यांतील एक दगड तापतांच फसफसूं लागला आणि त्यांतून वाफ निघाली. कोरडा दिसणारा दगड दुधासारखा उतूं जातो, हें पाहून त्यानें ग्रीक भाषेंतील ‘उकळणें’ आणि ‘दगड’ या अर्थाचे दोन शब्द जोडून झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’, असें नांव तयार केलें. दगडांत पाणी कोठें दडलेलें होतें, तें निघून गेल्यावर त्याच्या जागीं काय राहिलें, या प्रश्नांचा उलगडा मात्र क्रॉन्स्टेटला झाला नाहीं. तो होण्यास फार काळ जावा लागला.

पहिला धागा १८४० सालीं दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हातीं आला. झिओलाइट तापवून त्यांतील पाणी काढून टाकलें, तरी स्फटिकाचा आकार मोडत नाहीं, तो पारदर्शकच राहतो. आणि पुन्हां दमट हवेंत ठेवला असतां गेलेलें पाणी परत घेतो, असें त्यानें दाखविलें. माती एकदां भाजली म्हणजे तिची वीट होते; ती पुन्हां चिखल होत नाहीं. झिओलाइटची गोष्ट निराळी. तो घराच्या भिंती तशाच उभ्या ठेवून केवळ बिऱ्हाडकरू बाहेर पाठवितो, आणि जागा रिकामी ठेवतो.

त्या घराची रचना क्ष-किरणांच्या साहाय्यानें १९३० च्या सुमारास स्पष्ट झाली. इंग्लंडांत टेलर आणि अमेरिकेंत लायनस पॉलिंग यांनीं तें काम केलें. सिलिकॉन अथवा अ‍ॅल्युमिनियमचा एक अणु मध्यें, आणि प्राणवायूचे चार अणु चार कोपऱ्यांवर, अशी एक वीट. अशा असंख्य विटा कोपऱ्याला कोपरा जोडून बांधलेली ही इमारत. तिच्या आंत सारख्या मापाचीं दालनें आणि सारख्या मापाचे दरवाजे असतात. सिलिकॉनच्या जागीं जेथें जेथें अ‍ॅल्युमिनियम बसलेला असतो, तेथें इमारतींत एक ऋण विद्युद्भार उरतो. त्याची भरपाई करण्यासाठीं सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशा धातूंचे धनभारित अणु दालनांत वस्तीला येतात. इमारतीच्या भिंती पक्क्या असतात, पण हे धातूंचे अणु बदलतां येतात. सोडियम काढून कॅल्शियम घालतां येतो, आणि त्यामुळें दरवाजाचें मापहि बदलतें.

येथें एका शब्दाची फोड करणें अवश्य आहे. स्पंज पाणी पितो, त्यास आपण शोषण म्हणतों. पण धुपाटण्यावर धरलेल्या कपड्याला धुपाचा वास धरून राहतो, तें निराळें. तेथें सुगंधाचे कण धाग्यांच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात, आणि कपडा उन्हांत टाकला कीं वास उडून जातो. वायूचे रेणु अशा रीतीनें घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटतात, या क्रियेला शास्त्रांत अधिशोषण म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शेले आणि फोन्ताना या दोघांनीं नुकताच तापविलेला लोणारी कोळसा वायु ओढून घेतो, असें पाहिलें होतें. पृष्ठभाग जितका मोठा तितकें अधिशोषण अधिक. आणि झिओलाइटच्या आंतील दालनांच्या सर्व भिंती उलगडून पसरल्या, तर चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम, भुकटींतून कित्येक शें चौरस मीटर पृष्ठभाग निघतो. एवढ्या जागेंत एखादा मोठा वाडा अंगणासकट सहज मावेल.

१९०९ सालीं ग्रांझाँ यानें चॅबाझाइट नांवाचा झिओलाइट तापवून रिकामा केला, आणि तो अमोनिया, हवा, हायड्रोजन इत्यादि वायु आंत घेतो असें दाखविलें. त्यानंतर १९२५ सालीं वायगेल व श्टाइनहोफ या जर्मन संशोधकांनीं त्याहून मार्मिक गोष्ट शोधून काढली. त्याच चॅबाझाइटनें पाणी, मद्यार्क, फॉर्मिक अम्ल यांचे रेणु आंत घेतले. परंतु अ‍ॅसिटोन, ईथर व बेंझीन यांना दारांतच अडविलें. लहान रेणु आंत, मोठे बाहेर! घरांतील पिठाची चाळणी कोंडा वर ठेवते आणि पीठ खालीं सोडते; हा स्फटिक तेंच काम रेणूंच्या बाबतींत करीत होता. मॅकबेन या शास्त्रज्ञानें अशा पदार्थांना ‘रेणूंची चाळणी’ असें नांव दिलें, आणि तें सर्वत्र रूढ झालें.

तथापि निसर्गांतील स्फटिकांवर कारखाना चालत नाहीं. ते थोडे असतात, त्यांत भेसळ असते, आणि हवें तें माप मिळेलच असा भरंवसा नसतो. म्हणून प्रयोगशाळेंत झिओलाइट घडविण्याची खटपट सुरू झाली. इंग्लंडांत रिचर्ड बॅरर यानें या विषयाला आयुष्य वाहिलें, आणि १९४८ सालीं निसर्गांत ज्याचें प्रतिरूप नाहीं असा झिओलाइट तयार केला. अमेरिकेंत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागांत रॉबर्ट मिल्टन यानें १९४९ सालीं हेंच काम हातीं घेतलें. त्याच्यापुढें प्रश्न व्यवहाराचा होता: हवेंतील घटक स्वस्तांत निराळे कसे करावे? पृथ्वीच्या पोटांत ज्या क्रियेला फार दीर्घ काळ लागतो, तीच त्यानें अधिक तीव्र क्षार घेऊन, शंभर अंशांच्या आंतल्या उष्णतेवर, थोड्या तासांत घडवून आणली. त्यांतून ‘ए’ आणि ‘एक्स’ या नांवांचे झिओलाइट निघाले, आणि १९५४ पासून ते बाजारांत मिळूं लागले.

या चाळण्यांचीं मापें पाहण्याजोगीं आहेत. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात. ‘ए’ जातीच्या झिओलाइटांत सोडियम असेल, तर दरवाजा सुमारें चार अँगस्ट्रॉमचा होतो. पोटॅशियम घातला तर तीनाचा, आणि कॅल्शियम घातला तर पांचाचा. ‘एक्स’ जातीचा दरवाजा त्याहून बराच मोठा असतो. त्याच्या सोडियमयुक्त प्रकाराला ‘तेरा-एक्स’ म्हणतात. आतां वायूंचीं मापें अशीं: कार्बन डायऑक्साइड, ज्यास येथें सोयीसाठीं कर्बवायु म्हणूं, त्याचा रेणु सुमारें ३.३ अँगस्ट्रॉम, प्राणवायूचा ३.४६, नत्रवायूचा ३.६४. फरक इतका सूक्ष्म, कीं केवळ दरवाजाच्या मापावर त्यांची निवड करणें कठीण. तेरा-एक्सच्या दारांतून तर तिघेहि आंत जातात.

मग निवड होते कशी? येथें आंत वस्तीला असलेले धातूंचे अणु उपयोगीं पडतात. नत्रवायूच्या रेणूंत विद्युद्भाराची वांटणी किंचित् असमान असते, प्राणवायूंत ती त्याहून कमी असमान असते. त्यामुळें दालनांतील सोडियमचा धनभार नत्रवायूला अधिक जोरानें धरतो, प्राणवायूला सैल सोडतो. कर्बवायूची असमानता याहून मोठी, म्हणून त्याची पकड अधिक घट्ट. आणि पाण्याचा रेणु तर सर्वांहून लाडका. तो आला कीं इतरांना उठून जागा द्यावी लागते. क्रॉन्स्टेटचा दगड उकळला त्याचें कारण हेंच, आणि पुढें येणाऱ्या अडचणीचें मूळहि हेंच आहे.

या ओढीवर आधारलेली पद्धति १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स स्कार्स्ट्रॉम यानें अमेरिकेंत बसविली. फ्रान्समध्येंहि त्याच सुमारास तसेंच काम झालें. झिओलाइटच्या गोळ्यांनीं भरलेले दोन उंच नळकांडे घ्यावे. एकांत कोरडी हवा दाबानें सोडावी. नत्रवायु गोळ्यांना धरून राहतो आणि प्राणवायु पुढें निघून येतो. गोळ्या भरत आल्या कीं हवा दुसऱ्या नळकांड्यांत वळवावी, आणि पहिल्यांतील दाब उतरवावा. दाब उतरतांच धरलेला नत्रवायु सुटून बाहेर जातो, आणि गोळ्या पुन्हां कामाला सिद्ध होतात. दाबाचा हा झोका आलटूनपालटून अखंड चालतो. हवेंतील एक टक्क्याच्या आसपास असलेला आर्गॉन मात्र प्राणवायूबरोबरच राहतो. म्हणून या यंत्राचा प्राणवायु शेंकडा ९३ च्या सुमाराचा असतो. रुग्णाला तेवढा पुरतो.

तेवढा पुरतो, याचें महत्त्व नागपूरनें २०२१ च्या एप्रिलांत जाणलें. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत रुग्णालयें भरून गेलीं, प्राणवायूचे सिलिंडर मिळेनासे झाले, आणि घरोघरचीं माणसें रात्रींबेरात्रीं त्यांच्यासाठीं वणवण फिरूं लागलीं. १९ एप्रिल रोजीं मुंबईजवळील कळंबोलीहून रिकाम्या टँकरांची आगगाडी विशाखापट्टणमला निघाली. तेथें द्रवरूप प्राणवायु भरून ती २३ एप्रिलला नागपुरास पोंचली. तीन टँकर येथें उतरले, उरलेले चार नाशिककडे गेले. देशांतील अशा प्रकारची ती पहिली गाडी होती. उणें १८३ अंशांवर थंड केलेला प्राणवायु शेंकडों कोस वाहून आणावा लागत होता, आणि तोच प्राणवायु प्रत्येक रुग्णालयाच्या अंगणांतील हवेंत पांचांत एक या प्रमाणांत भरलेला होता. उणीव होती ती त्यास निराळा करणाऱ्या चाळणीची.

म्हणून त्यानंतरच्या महिन्यांत देशभर अशा यंत्रांची उभारणी झाली. ‘तेजस’ विमानांतील वैमानिकाला उंचावर प्राणवायु मिळावा म्हणून संरक्षण संशोधन व विकास संघटनेनें जें तंत्र सिद्ध केलें होतें, तेंच रुग्णालयांसाठीं उपयोगांत आणलें गेलें. त्यासाठीं झिओलाइट हवा होता, आणि तो परदेशांतून आणावा लागला. मे महिन्यांत एअर इंडियाचीं विमानें तो रोमहून घेऊन बंगळुरास उतरलीं. ज्या देशाच्या एका प्रांतांत डोंगरच्या डोंगर झिओलाइटच्या स्फटिकांनीं जडलेले, त्या देशाला तो विमानानें मागवावा लागावा, ही गोष्ट विपरीत वाटेल. परंतु घाटांतील गुलाबी स्टिल्बाइट येथें कामाचा नव्हे. त्याचीं दालनें अरुंद, तो फार तापविला तर त्याची घडण टिकत नाहीं, आणि पोकळी-पोकळींतून वेंचून काढलेल्या स्फटिकांनीं नळकांडे भरत नाहींत. प्राणवायूच्या यंत्राला लागतो तो मापून घडविलेला, बहुधा लिथियमयुक्त ‘एक्स’ जातीचा झिओलाइट. खाण आपली असली तरी कसब आपलें नसेल, तर संपत्ति परक्याच्या हातीं राहते, हा धडा त्या उन्हाळ्यानें दिला.

आतां दुसऱ्या शेजाऱ्याकडे, कोळशाकडे, वळूं. नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथें १९७४ पासून वीज तयार होत आहे; जवळच खापरखेडा येथेंहि मोठें वीजकेंद्र आहे. कोराडींतील नव्या संचांपैकीं तीन प्रत्येकीं ६६० मेगावॅटचे आहेत. महाराष्ट्रांतील कितीतरी घरांतले दिवे, गिरण्या व शेतावरचे पंप यांच्या जिवावर चालतात. त्या उजेडाची किंमत मात्र दोन रूपांनीं मोजावी लागते. एक राख. आपल्या कोळशांत राखेचें प्रमाण पुष्कळदां शेंकडा ३० ते ४५ असतें, म्हणजे तीन गाड्या कोळसा जाळला कीं एक गाडी राख हातीं येते. ती पाण्यांत कालवून तलावांत सांठवितात. जुलै २०२२ मध्यें कोराडीच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, आणि तें राखाडी पाणी शेतांत व नाल्यांत पसरलें. दुसरें रूप डोळ्यांना दिसत नाहीं. बारा किलो शुद्ध कार्बन जळाला कीं चव्वेचाळीस किलो कर्बवायु तयार होतो. ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारानें चालला, तर तासाला पांचशें टनांहून अधिक कर्बवायु आकाशांत जातो. हाच वायु सूर्याची उष्णता पृथ्वीभोंवतीं कोंडून ठेवतो. आणि मे महिन्यांतील नागपूर ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांना आणखी एका अंशाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या दोन्ही संकटांना एकत्र बांधण्याची कल्पना राखेच्याच घडणींतून निघाली. उडती राख म्हणजे मुख्यतः सिलिकॉन व अ‍ॅल्युमिनियम यांचीं प्राणिदें, आणि झिओलाइटच्या विटा त्याच मातीच्या. होलर आणि वीर्शिंग या जर्मन संशोधकांनीं १९८५ सालीं राखेपासून झिओलाइट होऊं शकतो असें दाखविलें. नागपुरांत वर्धा मार्गावर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, जिला सर्वजण ‘नीरी’ म्हणतात. १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून ती निघाली, आणि १९७४ सालीं तिला आजचें नांव मिळालें. तेथें साधना रायलू व त्यांचे सहकारी यांनीं राखेपासून उत्तम स्फटिकरूप झिओलाइट तयार करण्याचें काम केलें; ‘एक्स’ जातीच्या कुळांतील अशा झिओलाइटांवरील त्यांचा निबंध २००० सालीं प्रसिद्ध झाला. कृति थोडक्यांत अशी: राखेंत कॉस्टिक सोडा मिसळून ती खूप तापवावी, म्हणजे तिच्यांतील कांचेसारखे कठीण कण फुटून विद्राव्य होतात, मग ती पाण्यांत कालवून कांहीं काळ मुरूं द्यावी, आणि शेवटीं सुमारें शंभर अंशांच्या उष्णतेवर स्वस्थ ठेवावी. पाण्यांतून स्फटिक आपोआप जमूं लागतात. दख्खनच्या पोकळ्यांत जें ऊन पाण्यानें केलें, तेंच येथें भांड्यांत घडतें.

पुढचें पाऊल कर्बवायु पकडण्याचें. शुद्ध व कोरड्या कर्बवायूंत, साधारण २५ अंशांवर, एक किलो तेरा-एक्स सुमारें २०० ग्रॅम वायु धरतो. अवकाशांतील स्कायलॅब या वसाहतींत १९७३ सालीं अंतराळवीरांच्या उच्छ्वासांतील कर्बवायु झिओलाइटनेंच काढून टाकला जात असे. पण तीन माणसांचा उच्छ्वास आणि कोराडीची चिमणी यांत महदंतर आहे. चिमणीच्या धुरांत कर्बवायु शेंकडा १२ ते १५ असतो, उरलेला बहुतेक नत्रवायु. धूर ऊन असतो, त्यांत गंधकाचे वायु असतात, आणि मुख्य म्हणजे वाफ असते. पाणी झिओलाइटला सर्वांहून प्रिय, हें वर आलेंच आहे. दालनें पाण्यानें भरलीं कीं कर्बवायु दाराशीं येऊन परत जातो. म्हणून धूर आधीं थंड व कोरडा करावा लागतो, आणि त्यास खर्च येतो. पकडलेला वायु सोडविण्यासाठीं गोळ्या तापवाव्या लागतात किंवा दाब उतरवावा लागतो; त्यासहि वीज लागते, आणि ती वीज त्याच केंद्रांतून घ्यावी लागते.

या अडचणीवर एक उपाय म्हणून नीरींतील संशोधकांनीं झिओलाइटच्या दालनांत अमाइन नांवाचीं, अमोनियाच्या कुळांतील, द्रव्यें बसवून पाहिलीं. तेरा-एक्सवर केलेलें हें काम २००९ सालीं प्रसिद्ध झालें. अमाइन कर्बवायूशीं रासायनिक रीतीनें हात मिळवितें. त्यामुळें धूर ऊन असला, म्हणजे ज्या स्थितींत नुसत्या झिओलाइटची पकड सैल होते, त्या स्थितींतहि वायु धरून ठेवण्याची आशा धरतां येते. मात्र दालनांत अमाइन भरलें तितकी मोकळी जागा कमी होते, आणि वारंवार तापविल्यानें अमाइनहि झिजतें. प्रत्येक लाभामागें असा एक तोटा उभा असतो. प्रयोगशाळेंतील कांहीं ग्रॅमांवर सिद्ध झालेली गोष्ट हजारों टनांवर सिद्ध होण्यास मध्यें लांबचा प्रवास असतो. मिल्टनच्या स्फटिकापासून रुग्णालयाच्या अंगणांतील यंत्रापर्यंत साठ-सत्तर वर्षें गेलीं, हें विसरतां येत नाहीं. दरम्यान राख विटांत व सिमेंटांत जिरविणें, आणि कोळसा कमी जळेल अशा रीतीनें वीज मिळविणें, हे उपाय हातचे सोडून चालणार नाहीं.

समजा, कर्बवायु पकडला. मग तो ठेवावयाचा कोठें? या प्रश्नाचें एक उत्तर पुन्हां काळ्या दगडाकडेच नेतें. आइसलँडांत २०१२ पासून पाण्यांत विरघळविलेला कर्बवायु अशाच काळ्या पाषाणांत खोल सोडण्याचे प्रयोग झाले. दगडांतील कॅल्शियमादि धातूंशीं त्याचा संयोग होऊन तो कॅल्साइटसारख्या खनिजांत बांधला जातो, आणि सोडलेल्या वायूपैकीं शेंकडा ९५ हून अधिक भाग दोन वर्षांच्या आंत असा दगड झाला, असें २०१६ सालीं संशोधकांनीं जाहीर केलें. दख्खनचा पाषाण त्याच जातीचा असल्यामुळें येथेंहि तसें होऊं शकेल काय, याचा विचार शास्त्रज्ञ करीत आहेत. वस्तुतः निसर्गानें तें पूर्वींच करून ठेवलें आहे. हिस्लॉपच्या नांवाचा तो हिरवट दगड कॅल्साइटच आहे. म्हणजे पाण्याबरोबर काळ्या पाषाणांत शिरून दगड होऊन बसलेला कर्बवायु. दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइटच्या शेजारींच तो पुष्कळदां सांपडतो.

कोळशानें ज्या गतीनें हा वायु हवेंत गेला, त्या गतीनें निसर्ग त्याला दगडांत परत नेऊं शकत नाहीं. तो सावकाश चालतो, आणि मनुष्यानें घाई केली आहे. त्या घाईची भरपाई करावयाची, तर निसर्गाची कृति शिकून ती जलद करणें, हाच मार्ग उरतो. क्रॉन्स्टेटच्या फुंकणीपासून नीरीच्या भांड्यापर्यंत या शास्त्राची वाटचाल त्याच मार्गानें झाली आहे, आणि तिचा पुढचा टप्पा कोराडीच्या चिमणीपाशीं आहे.